फोर-टेनची नळी

अवरेकाई बाजारात आली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. म्हैसूरच्या माणसाचा या दिवसांवर भारी जीव. सकाळी धुकं पडायला लागतं, हातगाड्यांवर हिरव्या शेंगांचे ढीग लागतात आणि गल्लीगल्लीतून तो वास सुटतो. पुण्याहून बदली होऊन आलेले आमचे शेजारी म्हणतात, "अहो, हा आपला पावटाच ना?" कसला पावटा! पावट्याला हात लावा आणि अवरेला लावून बघा. अवरेच्या सालीला तेलकट, उग्र, बोटांना चिकटून बसणारा वास असतो. इकडे त्याला सोगडु म्हणतात. धुकं दाट पडलं की सोगडु वाढतो, आणि साबणानं घासला तरी जात नाही. सगळ्यांच्या तोंडाला त्यानं पाणी सुटतं. मला मात्र त्याच्या मागोमाग जळलेल्या दारूचा वास येतो, बंदुकीच्या दारूचा. एका वर्षी आमच्या घरात हे दोन्ही वास एकाच वेळी होते.

आज सकाळी भाच्याच्या बायकोनं पिशवीभर शेंगा माझ्यापुढे ओतल्या. "मावशी, हितकिद बेळेचं सारू करूया. तुमच्यासारखं सोलायला कुणाला जमत नाही." हितकिद बेळे म्हणजे रात्रभर भिजवलेला अवरेचा दाणा अंगठा नि बोटात धरून असा दाबायचा, की साल हातात राहते आणि आतलं दळ टुणकन उडून पातेल्यात पडतं. पडतं म्हणजे ज्याला जमतं त्याचं पडतं. बाकीच्यांचं कपाटाखाली जातं. भिजवलेले दाणे कालचे होते, ते घेऊन मी बसले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत भाच्याकडे पाहुणे आले. मी मनात म्हटलं, आता सुरू होणार. आणि झालंच.

"ती ना? आमच्या आजोबांची," भाचा सांगत होता. भिंतीवर बंदूक टांगलेली आहे, रीतसर निकामी करून, पॉलिश मारून, खाली छोटा दिवा लावून. "सरगूरच्या रानात बिबट्यानं झडप घातली, डोळाच काढला. पण म्हातारा रिसाल्यातला! उरलेल्या डोळ्यानं नेम धरला आणि तिथल्या तिथे लोळवला."

पाहुणे म्हणाले, "अय्यो!"

मी दाणा दाबला. पातेल्यात पडला.

आम्ही इथले जुने मराठे. खापरपणजोबा कधीतरी घोड्यावर बसून म्हैसूरच्या राजाच्या चाकरीला आले, ते इथलेच होऊन गेले. घरात मराठी बोलायचं, पण कसलं मराठी! रागावलं की कन्नड, देवाला हाक मारली की कन्नड, आणि मधल्या जागेत जे उरेल ते मराठी. महाराष्ट्रातली माणसं ऐकून हसतात. हसू द्या. आमच्या घरात मराठी टिकली ती दोनच कारणांनी, एक कुलदैवताची आरती आणि दुसरं घराण्याची बढाई. बढाई आम्ही अगदी अस्सल मराठीत मारतो.

अप्पा, म्हणजे माझे वडील, या बढाईतले शेवटचे खरे स्वार. संस्थान विलीन झालं, त्यांची पलटण मोडली, घोडे कुठे गेले कुणास ठाऊक, आणि अप्पांना एका सरकारी गोदामात कारकुनी मिळाली. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला पीळ देऊन ते पोती मोजायला जात. याबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. पण कुणी "काय करता?" म्हणून विचारलं की "रिसाल्यात होतो" म्हणत. "होतो" या शब्दावर आवाज किंचित खाली यायचा. त्यांना मुलगा नव्हता. आम्ही दोघी बहिणी. शांताक्काचं, म्हणजे या भाच्याच्या आईचं, लग्न बंगळूरला झालेलं होतं आणि मी कॉलेजात शिकत होते.

सरगूरला रानाच्या काठाशी आमची थोडी जमीन होती. रागी, म्हणजे तुमची नाचणी, आणि रागीच्या ओळींमधून अवरे. रागी कापून झाली तरी अवरे उभी असते, आणि नेमकी तेव्हाच रानडुकरं येतात. तेव्हा शिकारीवर आजच्यासारखी बंदी नव्हती. पिकाच्या राखणीला बंदूक ठेवणं ही त्या भागातली साधी गोष्ट होती. कूर्गकडचा कॉफीमळेवाला एक साहेब देश सोडून चालला होता, त्यानं जुनी ओळख म्हणून अप्पांना आपली एकबारी दिली. आखूड नळीची कार्बाइन. खटका दाबला की नळी बिजागरीवर खाली झुकते, मागून एक काडतूस घालायचं, मिटायचं, मारायचं. एकच. दुसरं हवं असेल तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. दस्ता अक्रोडाचा, सुंदर. दस्ता आणि नळी यांच्यामधला लोखंडी सांगाडा बारीक, हलका, पाखराच्या हाडासारखा. नळी मात्र आतून गंजून गेलेली. अप्पांनी ती उजेडाकडे धरली, आत बघितलं आणि म्हणाले, "ही गेली. पण ही बंदूक मरत नाही बघ, अंबू. नळी बदलली की पुन्हा जिवंत."

तो सगळा पावसाळा आमच्या घरात नळीशिवाय दुसरा विषय नव्हता. कुणाच्या घरी नवरा शोधतात, आमच्या घरी नळी शोधत होते. शहरातल्या एका बंदुकीच्या दुकानात त्याच बनावटीच्या दोन नळ्या पडून होत्या. एक बावीसची, बारीक, सशा-पाखरांपुरती. दुसरी फोर-टेन, म्हणजे बारा बोरची धाकटी बहीण. तिच्यात छर्रे घाला नाहीतर एकच गोल गोळी घाला, जवळच्या डुकराला पुरे. आणि तिसरी होती थ्री-फिफ्टीनची. रायफलीची नळी, जाड, जड, दमदार. ती या बनावटीची नव्हती. दुकानाच्या कारागिरानं तिला खालून पाय जोडून, घासूनपुसून या सांगाड्यात बसती केली होती. दुकानदार तिन्ही नळ्या काळ्या कांबळ्यावर मांडून ठेवायचा आणि अप्पा खुर्ची ओढून त्यांच्यापुढे बसायचे. घरी आले की अव्वा, म्हणजे माझी आई, विचारायची, "ठरलं का हो?" अप्पा म्हणायचे, "नोडोण." बघूया. अव्वा म्हणायची, "माझ्या वेळी एवढं बघितलं असतं तर!" आणि ते दोघंही हसायचे. त्या पावसाळ्यात अप्पा खूप हसायचे.

मला हे सगळं कळत होतं, कारण ते मलाच सांगत. ताटाशी बसून, हातानं हवेत नळी धरून सांगत. "एकबारीला जोर नको, नेम पाहिजे. दुसरी गोळी नसते ना तिच्यात. पहिली जिथं लागायची तिथंच लागली पाहिजे. खांदा दुखायच्या भीतीनं माणूस चाप ओढायच्या आधी डोळा मिटतो. मिटला की गेलं." आणि सांगाड्याबद्दल तर पुन:पुन्हा. "गोळी पुढं जाते तेव्हा तेवढाच मार मागं येतो. तो मार कोण खातो? नळी नाही खात. ही बिजागरी खाते, हा खटका खातो. हलक्या काडतुसासाठी घडवलेल्या सांगाड्याला जड काडतूस देऊ नये. आज नाही मोडणार, उद्या नाही मोडणार. पण सैल होत जाणार." हे त्यांचे शब्द. माझे नाहीत. हे मी आज एवढ्यासाठी सांगते, की नंतर सगळे म्हणाले, कुणाला ठाऊक होतं! ठाऊक होतं. घरातल्या चौरंगालासुद्धा ठाऊक होतं.

माझा डोळा चांगला होता. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं मी चिंचेचे आकडे पाडायची, अप्पा कौतुकानं शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. त्यांना चष्मा लागला होता आणि चष्म्यातून माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी, धूसर दिसतो असं त्यांनी मला एकटीलाच सांगितलं होतं. "बाहेर बोलू नको." आणि एक दिवस अंगणात बंदुकीचा दस्ता तेलानं पुसता पुसता म्हणाले, "अंबू, सुगीला सरगूरला मचाणावर तू बसायचं. मी शेजारी बसेन. म्हणून जी नळी तुझ्या हाताला लागेल, ती घ्यायची. आय्तु, ठरलं."

आय्तु म्हणजे झालं, पक्कं. आमच्या घराण्यात बाईच्या हाती बंदूक कुणी दिली नव्हती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी बायकांनी हत्याराला शिवायचंसुद्धा नाही. रांगोळी आम्ही काढायची, फुलं आम्ही वेचायची, नैवेद्य आम्ही करायचा आणि मग दाराशी उभं राहायचं. पूजा झाली की घरचे पुरुष एकेक करून हत्यारावर हात ठेवतात. आमच्याकडे कैक वर्षं एकच हात पडायचा, अप्पांचा. मला वाटलं, आता माझाही पडेल. त्या दिवसांत मी कॉलेजच्या वाटेवर उगीचच ताठ चालायची. काय सांगू, हसू येतं आता.

दसरा जवळ आला तशी अप्पांना घाई झाली, कारण नळी नसलेली बंदूक पूजेला ठेवायची कशी? दुकानदारानं तिन्ही नळ्या मारून बघायला दिल्या. तेव्हा हिनकल हे गावाबाहेरचं खेडं होतं. आज तिथं उड्डाणपूल आहे आणि खाली गाड्यांचा गलबला, पण तेव्हा हुणसूरच्या रस्त्यानं जाताना मध्येच घरं संपायची आणि तळं लागायचं. पाऊस नुकता थांबला होता, बांधावर गवत गुडघ्यापर्यंत, पाण्यावर बगळे. बांधाच्या उताराला आम्ही नारळाच्या करवंट्या ओळीनं मांडल्या. अप्पा, मी, दुकानदार, आणि दसऱ्यासाठी बंगळूरहून आलेले भावजी, शांताक्काचे यजमान.

भावजींचं काय सांगायचं? मोठ्या कारखान्यात नोकरी, बुटांना आरशासारखी चकाकी, बोलायला लागले की समोरच्यानं फक्त मान हलवायची. अप्पांना ते मामा म्हणत. बंदूक त्यांनी याआधी सिनेमातच बघितली असावी, पण तिथं येऊन उभे राहिले ते असे, की जणू वाघ त्यांची वाट बघून कंटाळलेत. अप्पांना मुलगा नाही, म्हणून जावई हाच मुलगा, असं सगळे म्हणत. अप्पाही म्हणत.

आधी बावीस लावली. टिचकी मारल्यासारखा आवाज. बगळेसुद्धा उडाले नाहीत. भावजी म्हणाले, "ही डासांसाठी ठेवा." मग थ्री-फिफ्टीन. अप्पांनी स्वतः पिन काढून नळी बदलली, आणि खटका बसवताना त्यांच्या कपाळावर आठी आली, ती मी बघितली. भावजींनी मारली. बापरे! सगळं तळं हादरलं, बगळे उडाले, बांधावरची माती उंच उडाली, पलीकडच्या शेतातली माणसं काम थांबवून बघायला लागली. करवंट्या जागच्या जागी होत्या. पण तिकडे बघतो कोण? भावजी खांदा चोळत होते आणि चेहऱ्यावर मात्र राजतिलक झाल्यासारखा आनंद. दुकानदार म्हणाला, "सुपर, सार."

"आता फोर-टेन," अप्पा म्हणाले, आणि बंदूक माझ्या हातात दिली.

ती नळी लावली आणि बंदूक माझ्या खांद्यात अशी येऊन बसली, की तिची नि माझी फार जुनी ओळख असावी. वजन बरोबर, लांबी बरोबर. श्वास सोडला, चाप ओढला. पहिली करवंटी गेली. अप्पा हळूच म्हणाले, "हं." खटका उघडला, काडतूस बदललं, दुसरी गेली. तिसरी गेली. ओळीत एक करवंटी बांधाच्या दगडाआड अर्धीच दिसत होती, तीही गेली. मी खांदा न चोळता बंदूक उघडून, नळी जमिनीकडे करून, अप्पांनी शिकवल्यासारखी उभी राहिले आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. तेव्हा दोन होते.

मग भावजी हसले. मोठ्यानं, टाळी मारून. "घ्या, मामा! ही तर बाईमाणसाची बंदूक निघाली! पोरीच्या हाताला एवढी सोपी लागते म्हणजे काय तिच्यात दम असणार? खंडेनवमीला देवापुढं हीच ठेवायची का? मग शेजारी लाटणंही ठेवा."

दुकानदार हसला. तो कुणी काही म्हटलं तरी हसायचा. थोडं थांबून अप्पाही हसले.

तेवढंच. बाकी सगळं विसरेन मी, ते हसणं नाही विसरत. त्यांना हसू आलं नव्हतं, हे मला दिसत होतं. ते जावयापुढे हसले, दुकानदारापुढे हसले, पलीकडच्या शेतातल्या अनोळखी माणसांपुढे हसले. सकाळ-संध्याकाळ पोती मोजणारा माणूस, त्याला कुणीतरी त्याचा रिसाला परत देत होतं, मोठ्या आवाजाच्या नळीतून. माझ्या हातून बंदूक घेताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

वाटेत मी म्हटलं, "अप्पा, सांगाडा हलका आहे. तुम्हीच म्हणाला होता."

"सुम्निर, अंबू," ते म्हणाले. गप्प राहा. "जावईबापू म्हणतात त्यातही तथ्य आहे. बिबट्या आला तर फोर-टेन काय करणार?"

सरगूरला आमच्या शेतात बिबट्या कधीच आला नव्हता. तो त्या दिवशी हिनकलच्या रस्त्यावर पहिल्यांदा आला, अप्पांच्या तोंडून.

दुकानदारानं कांबळ्यावरून थ्री-फिफ्टीन उचलली. "सरी, सार." बरं, साहेब. आदल्या आठवड्यात अप्पा फोर-टेनचं कौतुक करत होते तेव्हाही तो "सरी, सार" म्हणाला होता. त्याच्यावर माझा राग नाही. नळी विकणाऱ्यानं नळी विकली. फोर-टेन त्यानं चिंधीत गुंडाळून मागच्या फळीवर टाकली, एवढं मी दारातून बघितलं.

खंडेनवमीला रांगोळी मीच काढली. झेंडूची फुलं, कापलेला कोहळा, त्यावर कुंकू. नळीवर गंधाची तीन बोटं उठली. आधी अप्पांचा हात पडला, मग भावजींचा. शांताक्का दाराशी माझ्या शेजारी उभी होती, तिचे डोळे अभिमानानं चकाकत होते. तिचा काय दोष? तिच्या नवऱ्याचा हात आमच्या घराण्याच्या हत्यारावर पडत होता. मी नैवेद्याचं ताट आणायला आत गेले आणि जरा जास्त वेळ आत राहिले. बाहेर रस्त्यानं जंबू सवारीसाठी, दसऱ्याच्या हत्तीच्या मिरवणुकीसाठी, गावोगावचे लोक आधीच यायला लागले होते, पिपाण्या वाजत होत्या. दसऱ्याचं म्हैसूर म्हणजे काय विचारता! सगळं शहर दिव्यांनी फुललेलं, आणि मी चुलीपाशी धूर लागल्यासारखं करून डोळे पुसत होते.

आता आमची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पूजेला बसलेलं हत्यार पुढच्या खंडेनवमीपर्यंत बदलत नाहीत. विकत नाहीत, परत देत नाहीत, दुसऱ्याच्या दारात दुरुस्तीलासुद्धा नेत नाहीत. तलवारी होत्या तेव्हाची ही रीत. तलवारीला बिजागरी नसते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

धुकं पडायला लागलं, अवरे भरली, आणि आम्ही सुगीला सरगूरला गेलो. भावजींना रजा मिळाली नाही. ते आलेच नाहीत. थ्री-फिफ्टीन त्यांनी आयुष्यात मारली ती हिनकललाच. मचाणावर अप्पा एकटे बसू लागले. मी खाली झोपडीत अव्वाजवळ शेंगा सोलायला. सकाळी अप्पा उतरले की बंदूक पुसायला मात्र माझ्याकडे द्यायचे. ते काम बाईचं होतं. माझ्या बोटांना आधीच सोगडु लागलेला असायचा, त्यावर दारूची काजळी आणि तेल. अव्वा म्हणायची, "त्या हातानं पिठाला शिवू नको हं." पण दोन-तीनदा जेवणाला तोच वास आला, आणि सगळ्यांनी ते तसंच खाल्लं.

पहिल्यांदा मला ते उजेडात दिसलं. बंदूक मिटलेली होती, तरी नळी आणि सांगाडा यांच्यामधून सूर्याचा बारीक धागा येत होता. आधी नव्हता. मी चिंचेचं एक पान घेऊन त्या फटीत घातलं. शिरलं. मी अप्पांकडे गेले. ते कट्ट्यावर बसून कॉफी पीत होते.

"अप्पा, फट पडलीय."

त्यांनी बंदूक घेतली, मिटली, उघडली, कानाजवळ नेऊन हलवली. आतून बारीक खडखड आली. घोडा ओळखणाऱ्या माणसाला पाय दुखतोय हे चालीवरून कळतं, तसं त्यांना सगळं कळलं.

"म्हैसूरला नेऊया," मी म्हटलं. "नळी परत देऊया. ती फोर-टेन अजून असेल तिथं."

"पूजलेलं हत्यार परत नेऊन देत नाहीत, अंबू."

"देवाला काय कळतंय नळीतलं?"

"देवाला नाही," ते म्हणाले. "जावईबापूंना काय सांगू?"

मला वाटतं, अख्ख्या जन्मात अप्पा माझ्याशी इतकं खरं दुसऱ्यांदा बोलले ते अगदी शेवटी. मधल्या काळात नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, दिवेलागणीला, डुकरं आली. अवरेच्या ओळीतून सळसळ झाली. अव्वा आणि मी पातेलं मध्ये ठेवून दाणे दाबत होतो. बार झाला. पण तो बार नेहमीसारखा नव्हता. नेहमीचा बार दूर जातो, हा मचाणातच फुटला. अव्वाच्या हातातला दाणा हातातच राहिला. मी धावले.

अप्पा मचाणाखाली बसले होते, कसे उतरले देव जाणे. उजव्या डोळ्यावर तळहात, बोटांतून रक्त. बिजागरी तुटून काडतुसाचं पितळ मागं आलं होतं. मला बघून म्हणाले, "बंदूक कुठं पडली बघ ग. नळी मातीत जाईल." मी त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्यानं ओरडले. कुणाला हाक मारली, आठवत नाही. रागीची पोती नेणारा एक लॉरीवाला भला निघाला, त्यानं पोत्यांवर कांबळं अंथरलं आणि आम्हाला म्हैसूरच्या इस्पितळात आणलं. डोळा वाचला नाही.

भावजी दुसऱ्या दिवशी आले. खाटेशी उभे राहून म्हणाले, "काडतूस जुनं असणार, मामा. हवा दमट ना तिकडची." अप्पा म्हणाले, "असेल." संध्याकाळी गोदामातले साहेब भेटायला आले. कसं झालं हो, म्हणून त्यांनी विचारलं. अप्पा काही बोलायच्या आत भावजी म्हणाले, "बिबट्या होता." मी अप्पांकडे बघितलं. पट्टीबाहेरचा त्यांचा एक डोळा छताकडे लागला होता. साहेब म्हणाले, "शेवटी रिसाल्यातला माणूस!" तेव्हा अप्पांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. ती बढाई आधी भावजींची होती, त्या संध्याकाळी अप्पांची झाली, आणि आता घराण्याची झाली आहे. भिंतीवर दिवा लावून टांगली आहे. तुटलेल्या बिजागरीच्या जागी भाच्यानं पितळेचं फूल बसवलंय, फार छान दिसतं म्हणतात.

पुढे मी शिक्षिका झाले. नंजनगूडच्या शाळेत विज्ञान शिकवायला रोज सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी परत यायची. मुलींना क्रिया आणि प्रतिक्रिया शिकवताना फळ्यावर बंदूक काढायची. पुढं जितका जोर तितकाच मागं, मुलींनो, आणि मागं कोण उभं आहे ते आधी बघा. मुली हसायच्या. लग्नाचं दोन-तीनदा निघालं आणि राहिलं. अप्पांना पेपर वाचून दाखवायला, रस्ता ओलांडून द्यायला, पायरी आली म्हणून सांगायला घरी कुणीतरी हवं होतं. जावई बंगळूरला होते ना.

अप्पांच्या शेवटच्या हिवाळ्यात अवरे फार चांगली आली होती. अव्वा गेलेली. मी पातेलं घेऊन बसले होते आणि ते येऊन समोर बसले. "दे, मीही करतो." एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही. त्यांनी दाणा दाबला, तो पातेल्याच्या अलीकडे पडला. दुसरा पलीकडे. एक माझ्या मांडीवर. माझा प्रत्येक दाणा पातेल्यात पडत होता, बघून नाही, सवयीनं. ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील. इतक्या वर्षांनी म्हणतील की, अंबू, तुझी नळी बरोबर होती. मी हात थांबवला. खरंच थांबवला.

"अंबू," ते म्हणाले, "त्या दिवशी हिनकलला तू एखादी तरी चुकवायची होतीस ग."

रागानं नाही म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले. एखादी करवंटी राहिली असती, भावजी हसले नसते, फोर-टेन घरी आली असती, डोळा राहिला असता. हा हिशोब त्यांनी इतकी वर्षं मनात घोळवला होता, आणि त्यात चूक कुणाची निघाली, तर माझ्या नेमाची. मी जमिनीवर सांडलेले त्यांचे दाणे एकेक करून वेचले, धुतले आणि पातेल्यात टाकले.

बाहेर भाचा पाहुण्यांना अजून बिबट्या दाखवतोय. त्याची बायको आत येऊन पातेल्यात डोकावते आणि म्हणते, "मावशी, एकसुद्धा बाहेर नाही! कसं जमतं हो तुम्हाला?" मी हात धुते. वास जात नाही.

चुकवता आली असती, अप्पा. पण मी तुमच्याकडे बघून मारत होते.